सातव्या घडीचं कडवं

८ फेब्रुवारी, शनिवार

भाऊजी,

पाकीट फोडल्यावर तुम्ही आधी शेवटची ओळ बघाल, पत्र कुणाचं ते कळायला. तिथे नाव नाही. मुद्दामच घातलं नाही. ज्या माणसाला पोतंभर श्लोक पाठ आहेत त्याला एकुलती एक वहिनी आठवत नसेल, तर नाव वाचून तरी काय उजेड पडणार? तरी खूण देते. तुमच्या दादांची बायको. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायची ती. जिच्या हातचं सोळा वर्षं जेवलात आणि रोज म्हणालात, मीठ कमी आहे. आणि गेली अठ्ठावीस वर्षं सपशेल विसरलात. विसरण्यातही तुम्ही विद्वानच.

अक्षर माझ्या नातीचं आहे. चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, म्हणून मुंगीएवढं लिहिते. म्हणजे पत्र वाचणारा आपोआप दुकानात येतो. मी बोलते, ती लिहिते. मध्येच म्हणते, "आजी, हे नको गं लिहायला." जे जे नको म्हणेल ते ते लिहायचं, असं मी बजावून ठेवलंय. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही एकदा हौसेने पाटी आणली होतीत, मी तिच्यावर लसूण निवडला.

आता कामाचं. लाँड्रीत घड्या घालायचं मशीन आलंय. कोऱ्या चादरी एका तोंडाने गिळतं आणि दुसरीकडून वह्यांसारख्या बाहेर काढतं. पण धुऊन धुऊन विरलेल्या जुन्या चादरी त्याला पचत नाहीत, टराटरा फाडतं. त्यांच्या घड्या अजून हातानेच घालाव्या लागतात. त्यासाठी आठ नव्या मुली ठेवल्यात. पण दोघींचे हात एकमेकींशी जुळतच नाहीत. एक ओढते तेव्हा दुसरी सोडते. मग घडी तिरकी, तोंडं वाकडी. वरच्यांनी सांगितलंय, मार्चअखेरपर्यंत काम वेगाने निघालं नाही तर जुन्या चादरींची पायपुसणी करा आणि मुलींना घरी पाठवा.

म्हणून त्यांच्या मुकादमबाई परवा माझ्या दारात. कुणीतरी त्यांना सांगितलं, पूर्वीच्या बायका गाण्यावर घड्या घालायच्या. मी म्हटलं, घालायच्या काय, मी आणि माझ्या सासूबाईंनी एकोणीस वर्षं घातल्या. चला, शिकवते. गेले. पहिली चार कडवी झक्क झाली.

"ये गं सये, दे गं कोन, तुझे दोन, माझे दोन." "जा गं सये, धर ताण, सुरकुतीची मोड मान." "कोण निजलं, कोण उठलं, चादरीनं नाही सांगितलं." "अर्धी झाली, अर्धी उरली, दोघींमधली वाट सरली."

आणि पुढे काय?

पुढे काही नाही, भाऊजी. गेल्या हिवाळ्यात मला तापाने अठरा दिवस धरलं होतं. ताप गेला, पण जाताना घरातलं सामान घेऊन गेला. त्या सामानात गाण्याचं शेपूट होतं. चौथ्या कडव्याला दोघी चालत चालत समोरासमोर येतात, चार हात एकाच काठावर. आता कुणी सोडायचं, कुणी धरायचं, ते पाचवं कडवं सांगतं. ते मला येईना. आठ मुली नाकाला नाक लावून उभ्या, हातात अर्धी चादर, आणि माझ्या तोंडाकडे बघतायत. एक म्हणाली, "राहू द्या आजी, आम्ही आकडे मोजू." चादरीवर आकडे! मला घरी येऊन पडून राहावंसं वाटलं.

ते गाणं आता एकाच जागी शिल्लक आहे, तुमच्या पुस्तकात, संस्कृतात. सगळ्या दुकानांत विचारलं, मिळत नाही. एक प्रत पाठवा. गाणं तुम्ही आमच्याच तोंडातून नेलंत, थोडे दिवस उसनं द्या.

त्या दिवशी सभागृहात मी जरा हसले होते, ते डोक्यात धरून बसू नका. जरासंच हसले होते.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

भाऊजी,

पुस्तक पोचलं. आभारी आहे. हे वाक्य आधी दोनदा घोकून घेतलं, जिभेला सवय नाही. मी कुणाचे आभार मानले की घरातली माणसं माझ्या कपाळाला हात लावून बघतात.

पार्सल तीनदा झटकलं. म्हटलं चिठ्ठी असेल. एवढा मोठा कवी, आणि दोन ओळी सुचल्या नाहीत? नात म्हणाली, "आजी, तुझ्या पत्रानंतर मलाही सुचल्या नसत्या." हेही लिहायला लावलंय.

प्रत मात्र तुमची स्वतःची पाठवलीत. कडा काळवंडल्यात, आणि समासात पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलंय. "इथे श्वास घेणे." "इथे सावकाश." अहो, श्वास घ्यायलाही तुम्हाला लिहून ठेवावं लागतं!

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त बाई राहतात. शाळेत जन्मभर संस्कृत शिकवलं. प्रत्येक शब्दाच्या शेवटी हः करून हवा सोडतात, म्हणून सगळे त्यांना विसर्गबाई म्हणतात. त्यांना पुस्तक दाखवलं. वाटलं, नाक मुरडतील. तुम्ही ते छापलंत तेव्हा तुमच्याच विद्वानांनी मुरडलं होतं ना, देवांच्या भाषेत लाँड्रीतल्या बायका कशाला म्हणून? पण बाईंनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढून पुसला.

"ह्यांनी कुठलंही जुनं वृत्त घेतलेलं नाहीः," म्हणाल्या. "चालच नवी आहेः."

मी म्हटलं, नवी कसली, माझ्या सासूबाईंच्या आईची आहे.

मला थेट पाचवं हवं होतं. बाई ऐकेनात. "संध्याकाळी एक कडवंः. आधीचं पचल्याशिवाय पुढचं नाहीः." मी चौऱ्याहत्तर वर्षांची, आणि मला वर्गात मागे उभं करतात.

पहिल्या दिवशी पहिलं. "एहि सखि, कोणं देहि, द्वौ तव, द्वौ मम, एहि एहि." अर्थ ऐकला. म्हटलं ठीक आहे, पण चादर घडते का याच्यावर? लगेच पलंगावरची ओढून काढली. एक टोक नातीकडे, एक बाईंकडे, आणि मी गायले. बाईंचा पदर अडकला, नात दोनदा उलटी वळली, पण भाऊजी, जिथे हात पुढे यायचा तिथेच "एहि" येतं आणि जिथे कोपरा द्यायचा तिथेच "देहि". एक मात्रा इकडची तिकडे नाही.

नुसतं ऐकून असं लिहिता येत नाही, मला सांगू नका. तुम्ही स्वतः घड्या घालून पाहिल्यात. पण तुम्ही तर कायमचे एकटे. मग चादरीचं दुसरं टोक कुणी धरलं? खिडकीच्या गजाला बांधलंत का? मला ते चित्र दोन दिवस डोळ्यांसमोरून हलेना. प्राध्यापक महाशय खोलीत एकटे, गजाला म्हणतायत, ये सखे. हसू आलं, मग हसू थांबलं.

मग आलं तिसरं. चादरीनं नाही सांगितलं, ते सगळं झालं, आणि त्याच्या खाली बाईंनी एक ओळ वाचली. "कलंकितं यत् तत् पार्श्वे निधेहि." डाग पडलेलं बाजूला ठेव.

झालं, मला सगळं सभागृह डोळ्यांसमोर दिसलं. नातीला ठाऊक नव्हतं, म्हणून तिला सांगितलं. तुमच्याही समोर एकदा नीट मांडते.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं ते पुस्तकाचं प्रकाशन. तुम्ही व्यासपीठावर, अंगात नवा कोट. मी दुसऱ्या रांगेत, दादांच्या शेजारी. तुम्ही ही ओळ गायलीत, आणि मधेच अध्यक्ष महाराज उठले. म्हणाले, पहा, धुणाऱ्या साध्या स्त्रीच्या मुखी आत्म्यावरील कलंकाची जाणीव कशी उतरली आहे! लोकांनी माना डोलावल्या. आणि मला आवरलं नाही. अहो, ते गाणं नव्हतंच! गाणं म्हणता म्हणता सासूबाईंना डाग दिसायचा आणि त्या मला ओरडून सांगायच्या, "डाग आहे, बाजूला टाक!" की मी चादर परत धुवायला फेकायची. तुम्ही चार वाजता शाळा सुटली की त्यांना न्यायला यायचात, उलट्या टोपलीवर बसून वही भरायचात. आणि ती हाक तुम्ही कडव्यात घातलीत!

मी उभी राहिले आणि म्हटलं, "अध्यक्षसाहेब, तो डाग आत्म्यावरचा नव्हे, आयोडीनचा!"

पुढच्या रांगा हसल्या, मग मागच्या हसल्या. मी पदर तोंडाला लावून हसत होते. तुम्ही पुस्तक मिटलंत.

फजिती झाली खरी, पण चूक तुमची होती. कामातली हाक आणि गाणं यांत फरक कळू नये माणसाला? पुढे चौथ्यातही तेच केलंय तुम्ही. काल बाईंनी तेही वाचून अर्थ सांगितला, "द्वारं पिधेहि, वातः प्रविशति." दार लाव, वारा येतो. काय पण तत्त्वज्ञान! अहो, ते लाँड्रीचं मागचं दार. वाऱ्याने चादरी उडायच्या.


२ मार्च, रविवार

भाऊजी,

आज जरा सरळ बोलते. नातीने वर पाहिलं, तब्येत बरी आहे ना म्हणून.

पाचवं मिळालं. "आगताय देहि ऊष्माणम्, गताय देहि पन्थानम्." बाईंनी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्याच घशातून बाहेर पडलं, "आलं त्याला ऊब दे, गेलं त्याला वाट दे." कुठे दडून बसलं होतं कोण जाणे. तुमच्या संस्कृताने दार ठोठावलं आणि माझं कडवं आतून ओ म्हणालं. दुसऱ्या दिवशी सहावं, तेही तसंच. "तुझं टोक माझ्या हाती, सोड आता, नको भीती." मी ते स्वयंपाकघरात मोठ्याने म्हटलं. शेजारीण धावत आली, काय सोडायचंय विचारायला.

लगेच रिक्षा करून लाँड्रीत गेले. मुलींना शिकवलं. चौथ्याला नाकासमोर नाक, पाचव्याला एक जण सोडते आणि वाकून खालची घडी उचलते, सहाव्याला ती वरच्या हातात देते. पहिली चादर सरळ घडली तेव्हा एकीने शिट्टी मारली. मुकादमबाई रागावल्या नाहीत, यावरून काय ते समजा.

हे तुमच्यामुळे झालं. तुम्ही ते लिहून ठेवलं नसतंत तर माझा ताप ते कायमचंच घेऊन गेला असता. मशीन आलं, बायका पांगल्या, कुणाला काही आठवत नाही. विद्वानांची बोलणी खाऊन तुम्ही ते छापलंत. त्यात आमचं नाव घातलं नाहीत म्हणून मी मनात किती कुढले होते! आता कळतं, आम्हाला तरी ते कुठे आमच्या नावाने मिळालं होतं?

आता जे सांगायचं ते.

काल बाई म्हणाल्या, या पुस्तकाच्या मागे टिपा आहेतः, आपण त्या पाहिल्याच नाहीतः. त्यात एक ओळ आहे. नात उतरवते आहे तशी. "लघ्वक्षरैः मुद्रितानि मातुर्वचनानि." बारीक अक्षरांत छापली आहेत ती आईची वाक्यं.

मी नातीला म्हटलं, बघ गं, डागाची ओळ कशी छापलीय. ती म्हणाली, "बारीक, आजी. आणि जरा बाजूला सरकवून. मला वाटलं छपाईची चूक." आणि दाराची? "तीपण."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. हाक कुठली आणि गाणं कुठलं, पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तेव्हा सासूबाईंना जाऊन चारच महिने झाले होते. त्यांचा आवाज राहावा म्हणून तुम्ही डाग नि दार नि वारा तसाच ठेवलात. मला अक्षर येत नाही, मला बारीक आणि मोठं कसं दिसणार? अध्यक्षांना येत होतं, पण त्यांनीही पाहिलं नाही.

आधीच्या पत्रांत मी लिहिलं, जरा हसले, फजिती झाली. खरं त्याच्या पुढचं आहे, ते मी गिळलं होतं. तुम्ही पुस्तक मिटून जिन्याने उतरलात, मी मागून गेले. माझी प्रत तुमच्या हातात कोंबली. आणि म्हटलं, "आईचं काम तुम्हाला कधी कळलंच नाही. तिच्या घामावर मोठे झालात आणि तिची साधी हाकही ओळखत नाही." दादा माझा हात ओढत होते. तुम्ही दोन्ही पुस्तकं घेऊन निघून गेलात. नंतर दादा गेले तेव्हा आलात, पाणीही न घेता उंबऱ्यावरूनच वळलात. मी ते तुमच्या अहंकारावर टाकलं.

माझी चूक होती. मोठ्या अक्षरात लिही गं हे. लिहिलं म्हणते.

सोमवारी सकाळी हे पत्र टाकायला निघणार तोच टपाल आलं. तुमचं कार्ड. नातीने उलटसुलट करून पाहिलं, एकच ओळ: "सातवं वाचलंत का?"

सातवं कुठलं, भाऊजी? सहाव्याला चादर घडून होते. सातव्या पायरीला ती चळतीवर ठेवायची आणि वरून हात फिरवायचा, आणि त्या वेळी आम्ही गप्प असायचो. त्याला गाणं नव्हतंच, हे मला आता लख्ख आठवतं. पण पान उलटलं तर आहे खरं, दोन ओळी. आणि विसर्गबाई बहिणीकडे गेल्यात, मंगळवारी येणार. नात म्हणते, "आजी, दोन्ही ओळी बारीक अक्षरांत आहेत."


५ मार्च, बुधवार

भाऊजी,

वाचलं.

काल बाई पिशवीसकट वर आल्या, चप्पलही काढू दिली नाही मी. त्यांनी वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मग म्हणाल्या, "ह्या ओळींचा अर्थ आत्ताच सांगूः, की तुम्ही एकट्या असतानाः?" मी म्हटलं, मला एवढी वाट बघायला लावू नका, पंच्याहत्तर पुरी होतील.

"अस्याः करौ कुशलतरौ मम कराभ्याम्. तस्यै मा कथय, वत्स, तस्यै मा कथय."

हिचे हात माझ्या हातांपेक्षा चांगले आहेत. तिला सांगू नकोस, बाळा, तिला सांगू नकोस.

मी पुन्हा वाचायला सांगितलं. मग पुन्हा. चौथ्यांदा बाईंच्या तोंडून हवा सुटली नाही.

भाऊजी, तुम्हाला आठवतं का, सासूबाई चळतीवरून हात फिरवायच्या आणि फिरवता फिरवता तुमच्या टोपलीकडे झुकून काहीतरी पुटपुटायच्या? रोज. मी सहा हातांवर उभी. मला ऐकू येत नसे, पण दिसायचं, डोळे माझ्याकडे आणि तोंड तुमच्याकडे. इतकी वर्षं मी धरून चालले की माझ्या चहाड्या चालल्यात. काठ जुळवत नाही, फार बोलते, मीठ कमी घालते. घरी येऊन दादांशी भांडायचे, तुमची आई धाकट्यापाशी माझी गाऱ्हाणी सांगते म्हणून. ते बिचारे म्हणायचे, "मला काय माहीत?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला होतं.

माझ्या तोंडावर त्यांनी एकदाही बरं म्हटलं नाही. कोपरा जुळला तर गप्प, चुकला तर हाक. त्या शेवटच्या आजारात मी त्यांची चादर बदलत होते, तेव्हासुद्धा म्हणाल्या, "कड वर आली." ती कड खरंच वर आली होती.

तुम्ही त्यांना शब्द दिला होता, तिला सांगणार नाही. आणि पाळलात कसा, तर मला न कळणाऱ्या भाषेत छापून! सगळ्या जगाला सांगितलंत, फक्त वहिनीला नाही. असा आज्ञाधारक मुलगा मी दुसरा पाहिला नाही. मी हसले, भाऊजी, या वेळी मात्र आधी रडून मग हसले.

पण थांबा. नात समासातलं वाचते. पेन्सिलीचं, मराठीत, त्या दिवशीचंच असणार. "इथे थांबणे. वहिनींना उभं राहायला सांगणे. अर्थ मराठीत सांगणे. आई रागावली तर रागावू दे."

म्हणजे सभागृहात, सगळ्यांसमोर, सातव्याला तुम्ही मला हे सांगणार होतात. त्यासाठी दादांना बजावून मला दुसऱ्या रांगेत बसवलं होतंत. आणि मी तिसऱ्यालाच उभी राहिले, तुम्ही न सांगता.

चार कडवी लांब होतं ते. चार कडवी तोंड बंद ठेवता आलं असतं, तर हे मला अठ्ठावीस वर्षं आधी मिळालं असतं. दादांनीही ऐकलं असतं. त्यांना किती बरं वाटलं असतं, त्या दोघींत ते बिचारे कायम अडकलेले.

बरं, हळहळ करायला मी हे लिहायला घेतलेलं नाही. मला आभार मानायचे आहेत, आणि ते नीट मानता येत नाहीत म्हणून इकडचं तिकडचं सांगते आहे. तुम्ही तुमच्या आईचा शब्द जपलात. माझ्यासाठी तो मोडायलाही निघालात. मी तुम्हाला तोंडावर काय नाही ते बोलले, आणि तुम्ही माझी चूक सांगायलाही परत आला नाहीत, कारण सांगायचं तर सातवं सांगावं लागलं असतं, रागाच्या भरात. तुम्हाला ते रागात द्यायचं नव्हतं. हो ना? नात म्हणते, "आजी, असं असेलच असं नाही." तिला गप्प राहायला सांगितलंय. मी तुम्हाला सोळा वर्षं वाढलंय, मला कळतं.

माझे हात आता थरथरतात. तरी काल उशाच्या अभ्र्याची घडी घातली, काठाला काठ. आणि वरून हात फिरवला. सासूबाईंसारखा, दोनदा.

या. एकदा या. लाँड्रीत मुलींसमोर ते सगळं म्हणा, पहिल्यापासून. तिसऱ्याला मी तोंडात पदर कोंबून बसेन. सातव्याला थांबा, मला उभं करा, आणि मराठीत सांगा. मला अर्थ ठाऊक आहे. तरी तुमच्या तोंडून हवाय.


१४ मार्च, शुक्रवार

भाऊजी,

कार्ड मिळालं. "येतो. काय आणू?" एवढ्या मोठ्या कवीची दोन वाक्यं. तुमचं पोस्टाचं तिकीट वाया जातं की काय असं वाटतं. पण नातीने ते आरशाच्या चौकटीत खोचलंय, आणि मी न वाचताही रोज बघते.

लाँड्रीचं सांगते. बुधवारी वरचे साहेब आले होते. मुलींनी त्यांच्यासमोर चळत रचली, एकही काठ बाहेर नाही. साहेब म्हणाले, मशीनपेक्षा सरळ दिसतेय. मुकादमबाई म्हणाल्या, मशीनला गाता येत नाही साहेब. जुन्या चादरी राहिल्या, मुलीही राहिल्या. बातमी आधी तुम्हाला कळवायची होती, पण त्या मुलींनी मला खांद्यावर उचलायचं ठरवलं आणि त्यात माझी कंबर धरली, म्हणून दोन दिवस उशीर.

सातव्याचं मी त्यांना सांगितलं. एक जण म्हणाली, "मग आम्ही सातव्याला गप्प राहायचं, का संस्कृत म्हणायचं?" मी बराच विचार केला. शेवटी सांगितलं, दोन्ही नको. सातव्याला चळतीवर हात फिरवायचा आणि जोडीदारणीला तिच्याबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. तिच्या तोंडावर. तिला कळेल त्या भाषेत. पहिल्या दिवशी लाजेने मेल्या. एकीने कसंबसं म्हटलं, "तुझी नखं बरी आहेत." दुसरी म्हणाली, "तू आज वेळेवर आलीस." परवा मात्र सगळ्यांत भांडकुदळ जोडी, दोघी महिनाभर एकमेकींशी फक्त हुंकाराने बोलणाऱ्या, त्यांतली एक हात फिरवता फिरवता म्हणाली, "तू नसलीस तर माझ्याने होत नाही." दुसरीने चादर परत उलगडली आणि म्हणाली, चल, पुन्हा घालू.

सासूबाईंना हे आवडलं नसतं. त्या म्हणाल्या असत्या, कामाच्या वेळी बोलतात. पण पुढच्या चादरीची घडी त्यांनीही जरा हळू घातली असती.

तुम्ही सत्तावीस तारखेला, गुरुवारी, सकाळच्या गाडीने येणार असं धरते. खोली झाडून ठेवलीय, दादांची खाट घातलीय. विसर्गबाई नवी साडी काढून बसल्यात, तुम्हाला एक शंका विचारायची आहे म्हणे. दोन तास काढून ठेवा. लाँड्रीत दुपारी चारला, तुमच्या जुन्या वेळेला. टोपलीही मागून घेतलीय, उलटी करून ठेवते. गुडघे चालत नसतील तर खुर्ची देऊ, पण वही आणू नका. पाठ नसेल तर मी आतापासून हसायला लागते.

आणि काय आणू विचारलंत, त्याचं उत्तर. शाल नको, पुस्तक नको, माझ्यासाठी भेटवस्तू तर मुळीच नको. माझ्या हाताला मिळायचं ते मिळालं. खायचं काही हवं. खजूर, काळा, मऊ. भरपूर आणा, आठ मुली आहेत, मुकादमबाई आहेत, शिट्टीवाली एकटीच चौघींचं खाते. पण बरोबर आणू नका, भाऊजी, आधी टपालाने पाठवा. तुमच्यावर विश्वास आहे, पण अठ्ठावीस वर्षांनी दार वाजेपर्यंत नुसतं बसून राहणं मला जमायचं नाही. खजूर पुढे आला की मी समजेन, माणूस मागे निघालाय. आणि बिया काढून पाठवा, माझे दात तीनच उरलेत आणि त्यांचंही आपसात बोलणं नाही.